जुनी गाडी घेतली, आता पहिले पैसे कशावर?

सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता येडशीला भेटतात, त्यामुळे आमच्याकडं येणाऱ्या सेकंडहँड मोटरसायकली चारी दिशांच्या असतात. प्लेटवर एमएच २५ असेल तर आपल्याच धाराशिवची, १३ म्हणजे सोलापूरची, २४ लातूरची, २३ बीडची. हल्ली १२ आणि १४ वाढलेत, म्हणजे पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या. पोरगं तिकडं कंपनीत लागतं, दोन-चार वर्षांनी नवी गाडी घेतं आणि जुनी गावाकडं पाठवून देतं. गाडी दारात आली की नारळ फुटतो, हार चढतो आणि दुसऱ्या दिवशी नवा मालक स्टिकर, रंगीत दिवे आणि आवाजाचा सायलेन्सर बघायला निघतो. हौस मला कळते. घरातली पहिली गाडी ही मोठी गोष्ट असते. पण खिशात चार-पाच हजार उरलेले असताना ते आधी कुठं घालावेत, हे मनापासून सांगायचं म्हणून हा लेख.

कागदांचं आधी उरकून घेऊ. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडीवर फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीची एनओसी लागते. आरसीवरचा चेसिस नंबर हँडलखाली कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून बघा. राहिलेलं ई-चलान असेल तर ते मोबाइलवर दिसतं, तेही बघा. गाडी नावावर करून घ्या आणि विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला सांगा. अपघात झाला आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर निघाली, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळवताना फार हाल होतात. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसलेली आहे का तेही बघा. दुचाकीला तिचे जीएसटीसह ५३१ रुपये ठरलेले आहेत.

आता गाडीकडं वळू. ती कुठून आली हे समजलं की पैसे कुठं लागणार याचा अर्धा अंदाज येतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चाललेल्या गाडीचा क्लच आणि ब्रेक झिजलेले असतात, पण चेसिस बहुधा बरं असतं. गावात चाललेल्या गाडीचा क्लच चांगला निघेल, पण तिनं चिखल, ओढ्याचं पाणी आणि मागं बांधलेली पोती सोसलेली असतात. तिचे शॉकअप, चेन आणि मागचं चाक धरणारा चिमटा आधी तपासायचा.

पहिलं काम फुकटातलं आहे, गाडी धुण्याचं. सर्व्हिस सेंटरात जोराच्या पाण्यानं नको. घरी बादली, जुना ब्रश, थोडं रॉकेल किंवा डिझेल घ्या आणि गाडी थंड असताना दीड तास बसा. आपल्या काळ्या रानातली माती ओली असते तोवर चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. इंजिनच्या पंखांमधल्या फटी, म्हणजे जिथून वारा जाऊन इंजिन थंड व्हायचं, त्याच त्या मातीनं भरलेल्या असतात. मेच्या उन्हात अशी गाडी तापते, चढाला दम सोडते आणि मालकाला वाटतं इंजिन बसलं. लाकडी काडीनं त्या फटी मोकळ्या करा. धुता धुता ऑइल कुठून पाझरतंय, कुठला बोल्ट नाही, कुठं वेल्डिंग केलंय, पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का, हे सगळं हाताखाली येतं.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या. कुणाला तरी मागं बसवून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटानं हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवा. बरोबर मधोमध ते खड्ड्यात बसल्यासारखं अडलं तर हँडलचा कोनसेट गेलाय. अशी गाडी सरळ रस्त्यावरही जराशी भरकटते आणि चालवणाऱ्याला कारण सापडत नाही. नंतर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं हलवा. चाकाबरोबर चिमटाही खुळखुळला तर बुश बदलायचे. यातलं काहीही मोठ्या खर्चाचं नाही, पण दिसत नसल्यामुळं वर्षानुवर्षं राहून जातं.

ऑइल पहिल्याच दिवशी बदला. जुन्या मालकानं कितीही छातीठोकपणे सांगितलं, तरी बदला. कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच घ्या. स्प्लेंडरसारख्या १०० सीसीच्या गाडीला १०-डब्ल्यू-३० चालतं आणि एका बाटलीत काम होतं. प्लग आणि एअर फिल्टर त्याच वेळी बदलून टाका. फिल्टर धुळीनं गच्च असला की गाडी पेट्रोल जास्त पिते. क्लच आणि ॲक्सिलेटरच्या वायरींची टोकं बघा. एखादी तार जरी तुटून बाहेर आली असेल, तरी वायर नवी टाका.

आता ब्रेक. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुन्या गाडीत सगळ्यात आधी पैसे इथंच जायला हवेत. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक लिव्हरच्या मुळाशी, ड्रमच्या झाकणावर एक छोटा बाण असतो आणि त्याच्या शेजारी झाकणावर एक खूण कोरलेली असते. कुणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून तो बाण बघा. बाण खुणेपर्यंत पोचला असेल तर ब्रेक शू संपले. तिथून पुढं नट कितीही आवळला तरी गाडी नीट थांबणार नाही. गॅरेजमध्ये ‘लायनर अजून चालतील’ असं कुणी सांगितलं तर त्याला हा बाण दाखवा. पुढचे-मागचे दोन्ही शू चांगल्या कंपनीचे घेतले तरी पाचशेच्या आसपास भागतं. ड्रम उघडला की आतली पूड फुंकरीनं किंवा हवेनं उडवू देऊ नका, ती श्वासात जायला वाईट. ओल्या फडक्यानं पुसून घ्या. ब्रेक फिरवणाऱ्या कॅमला जरासं ग्रीस लावा. तो गंजून जड झालेला असतो, म्हणून पायाला ब्रेक घट्ट लागतो आणि सोडल्यावर चाक चिकटून राहतं.

पुढच्या ब्रेकबद्दल आपल्याकडं एक भीती आहे. तो दाबला की गाडी घसरते, असं मानून कित्येक जण त्याची वायर सैलच ठेवतात. वाळू-खडीवर किंवा वळणात तो एकदम आवळला तर चाक निसटतं, हे खरं आहे. पण कोरड्या सरळ रस्त्यावर ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि थांबवण्याचं जास्त काम तोच करतो. तो बरोबर जुळवून घ्या आणि दोन्ही ब्रेक सोबत, हळूहळू वाढवत लावायची सवय करा. ओढा ओलांडला असेल तर थोडं अंतर ब्रेक हलका धरून चालवा, ड्रममधलं पाणी सुकतं.

टायरच्या बाजूला चार आकडे एका लंबगोलात असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला, असं नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडतात. अशा टायरवर पहिल्या पावसात भरवसा ठेवू नका. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. एकच टायर घेण्याची ऐपत असेल तर जो जास्त खराब तो घ्या. दोन्ही सारखेच खराब असतील तर मी पुढचा घेईन, कारण मागचं चाक घसरलं तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचं घसरलं तर आपण खालीच असतो. रुंद टायरची हौस मात्र करू नका. गाडी जड होते, ॲव्हरेज पडतं, आणि काळ्या रानात मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट आणखी कमी होते. जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत बांधावर गाडी थांबवून, काठीनं मडगार्डमधला चिखल उकरणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय. चाक अडायला तो चिखल पुरतो. पुढच्या मडगार्डला खाली रबरी मड फ्लॅप लावला तर इंजिनवर उडणारी माती बरीच अडते. शंभर-दीडशे रुपयांच्या आतबाहेरची ही गोष्ट मला फार आवडते.

चेन झाकलेली असेल तर खालच्या बाजूला रबरी बूच असतं. ते काढून बोटानं चेन वर-खाली करून बघा. साधारण इंचभर हालचाल हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा चेन कव्हरच्या स्टिकरवर सापडेल. चाक फिरवत चार ठिकाणी बघा; एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागली तर चेन ओढली गेलीय. मग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदला. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली की तीही लवकर जाते.

दिव्याचा किस्सा घरातलाच आहे. माझ्या भाच्यानं २०१४ ची स्प्लेंडर घेतली आणि आठवडाभरात हेडलाइटमध्ये पांढराशुभ्र एलईडी बल्ब टाकला. घराच्या अंगणात झकास उजेड पडला. रात्री बार्शीकडून येताना मात्र दिवा लुकलुकायला लागला आणि समोरून येणारा प्रत्येक जण त्याला डिपर मारत होता. दोन्हीची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटला वीज बॅटरीतून येत नाही, चालत्या इंजिनच्या मॅग्नेट कॉइलमधून थेट येते. म्हणून रेस केली की उजेड वाढतो, सोडली की मिणमिणतो. एलईडीला लागते बॅटरीची एकसारखी वीज. आपल्या गाडीचं कसं आहे हे कळायला सोपी युक्ती आहे: इंजिन बंद ठेवून चावी चालू करा आणि हेडलाइट लावा. लागलाच नाही तर वीज कॉइलची. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत हेडलाइट कायम चालू असतो, त्यांना बटणच नाही. दुसरं म्हणजे हेडलाइटचा आरसा साध्या बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. उजेड त्या जागेवरून निघाला नाही की रस्त्यावर पडायचं सोडून सगळीकडं फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आकार बसतो म्हणून कारचा ६०/५५ वॅटचा बल्ब टाकणं त्याहून वाईट. कॉइलला तो पेलत नाही आणि होल्डर वितळतो.

मग आम्ही काय केलं, तेच सांगतो. कंपनीचा ३५/३५ वॅटचा नवा बल्ब घेतला. बल्बमागचे कनेक्टर हिरवे पडले होते, ते पॉलिश पेपरनं घासले. अर्थिंगची वायर चेसिसला जिथं जोडली होती तिथला गंज काढून बोल्ट आवळला. आतला आरसा काळवंडला होता, म्हणून काचेसकट तो भाग नवा आणला. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर पंधरा-सोळा फुटांवर सपाट जागेत उभी केली. दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ मारली. भाच्याला सीटवर बसवलं, चाकांत हवा बरोबर भरलेली होती, आणि डिपरचा झोत त्या रेघेच्या दोनेक इंच खाली येईल असा हेडलाइटचा बोल्ट जुळवला. ‘मामा, एवढ्यानं फरक पडतो होय?’ असं त्यानं विचारलं होतं. त्याच रात्री रामलिंगच्या देवस्थानाच्या बाजूला जाऊन आल्यावर त्यानं तो एलईडी बल्ब स्वतःच डब्यात टाकला.

तुम्ही मागं दुधाचे कॅन बांधत असाल तर ही जुळवणी ओझ्यासकट करा. वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरले की मागं चाळीस किलोंहून जास्त वजन येतं, गाडी मागं बसते, पुढचा भाग उचलतो आणि झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. यासाठी मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली पायऱ्यांची रिंग दिलेली असते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत तिच्या पाच पायऱ्या असतात. ओझं नेणार असाल तर दोन्ही बाजूंची रिंग सारख्याच पायरीवर वर घ्या. एक बाजू दुसऱ्या आणि एक चौथ्या पायरीवर, अशा कितीतरी गाड्या मी पाहिल्यात. तिथं एकही रुपया लागत नाही. कॅरिअर घेताना तो चेसिसच्या बोल्टला बसणारा घ्या. मडगार्डच्या पत्र्यावर बसवलेला चार महिन्यांत पत्रा फाडतो.

दिसायला जितका उजेड हवा, तितकंच आपण दुसऱ्याला दिसणंही गरजेचं आहे. गळिताचा हंगाम लागला की ढोकीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आणि आसपास उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या रात्रभर चालू असतात. पुढं अंधारात ट्रॉली आहे हे शेवटच्या क्षणी कळतं. महामार्गावर तीच वेळ ट्रकवाल्यावर आपल्यामुळं येते: वेगानं येणाऱ्याला पुढं मोटरसायकल आहे हे लांबूनच दिसायला हवं. म्हणून मागचा ब्रेक लाइट तपासा. जुन्या गाड्यांत तो फार वेळा बंदच असतो, आणि कारण असतं पॅडलजवळच्या स्विचची निसटलेली छोटी स्प्रिंग. पुढच्या ब्रेकवरही तो लागतो का बघा. मागचा लाल रिफ्लेक्टर तुटला असेल तर नवा लावा. मग चांगल्या प्रतीची रिफ्लेक्टिव्ह टेप आणा, मागं लाल आणि बाजूला पिवळी. मागच्या मडगार्डला, कॅरिअरला, शॉकअपच्या कव्हरला आणि दुधाच्या कॅनच्या मागच्या बाजूलाही लावा. चिकटवण्याआधी जागा साबणानं धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर पहिल्या पावसात निघेल. नंबर प्लेटवर मात्र काही चिकटवायचं नाही.

दोन्ही आरसे लावा. ‘दिसायला बरं नाही’ म्हणून आरसे काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, चौपदरी रस्त्यावर मागून काय येतंय हे मान वळवून बघायला जी दोन सेकंद जातात, तेवढ्यात समोर काहीही होऊ शकतं. हॉर्न कंपनीचाच, पण चालू हवा.

साडीगार्डबद्दल तर मी कुणाचंही ऐकणार नाही. तरुण पोरं गाडी घेतल्या घेतल्या तो काढून ठेवतात. मोटार वाहन नियमांत १२३ व्या नियमानुसार मागं बसणाऱ्याला धरायला जागा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण असणं बंधनकारक आहे. पण नियमाचं राहू द्या. चैत्री पौर्णिमेला आई, बहीण, बायको यांना मागं बसवून आपण येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला जातो, श्रावणात रामलिंगला जातो. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जायला एक क्षण लागतो. काढलेला साडीगार्ड गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला असेल तर आजच परत आणा, नसेल तर नवा घ्या.

मोबाइलचा चार्जर लावायचा असेल तर चावी बंद केल्यावर बंद होईल आणि मध्ये फ्यूज असेल अशा वायरवरून घ्या. किकच्या गाड्यांची बॅटरी छोटी असते. सीटचा फोम बसला असेल तर फोम बदला, नुसतं वरचं कव्हर बदलून पाठ दुखायची थांबत नाही.

आवाजाच्या सायलेन्सरवर, कापलेल्या मडगार्डवर, बदललेल्या हँडलवर पैसे घालू नका. त्यानं पुढचा धोका दिसत नाही आणि गाडी लवकर थांबत नाही. शिवाय २०१९ च्या सुधारणेनंतर कायद्याच्या १८२-अ कलमात परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला पाच हजारांच्या दंडाची तरतूद आहे. राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले आपण बातम्यांत पाहिले आहेत. ज्या पैशांत तो सायलेन्सर येतो, त्यात दोन्ही ब्रेकचे शू आणि आयएसआयचा, आयएस ४१५१ शिक्क्याचा एक साधा हेल्मेट येतो. हेल्मेट मात्र सेकंडहँड घेऊ नका. एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटच्या आतला थर्माकोल दबलेला असतो आणि बाहेरून ते कळत नाही.

सगळं धरून, टायर आणि चेनसेट वगळता, मजुरीसकट तीन हजारांच्या आसपास भागावं असा माझा अंदाज आहे. गाडी आणि दुकान बदललं तर थोडं इकडं-तिकडं होईल. टायर लागले तर पुढच्या महिन्याच्या पगारात किंवा दुधाच्या पगारात घ्या, पण तोवर महामार्गावर वेग ठेवू नका.

काम झालं की एखाद्या साध्या दिवशी, गर्दीचा सोमवार टाळून, सकाळी लवकर गाडी रामलिंगला न्या. तिथल्या अभयारण्याच्या झाडीतून खाली उतरताना रिकामी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका, खालच्या गिअरमध्येच उतरा म्हणजे इंजिन गाडी आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. खाली पोचल्यावर माकडांपासून पिशवी सांभाळत गाडी स्टँडवर घ्या आणि दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ बोटांची मागची बाजू न्या. दोन्ही कोमट असतील तर जुळवणी बरोबर आहे. एक हात लावू देत नसेल आणि दुसरा गार असेल, तर तापलेल्याच्या वायरचा किंवा रॉडचा नट अर्धा आटा सैल करा, चाक हातानं मोकळं फिरतंय का बघा, गार असलेल्याचा तेवढाच आवळा, आणि पुन्हा एकदा वर जाऊन खाली उतरा. पान्याचा जुडगा डिकीत असू द्या.